शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं, अशा मुलांसाठी घरानं आणि गल्लीनं काय करावं

सोमवारी सकाळी पावणेसातला रिक्षावाले काका खाली हॉर्न देत असतात. डबा भरलेला असतो, गणवेश अंगात असतो आणि पोर बाथरूममधून बाहेर येत नाही. पोटात दुखतंय म्हणतं. दवाखाना झाला, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल निघालं. दहा वाजले की दुखणं थांबतं, रविवारी तर ते येतच नाही. मग घरातले मोठे म्हणतात, नाटकं करतोय. हे नाटक नसतं. भीती वाटली की पोटाचे स्नायू खरोखर आवळतात, मळमळतं, हातपाय गार पडतात. मुलाला होणारं दुखणं खरंच असतं, त्याचं मूळ तेवढं पोटात नसतं.

चिंता, उदासी, अनावर राग, शाळेची धास्ती हे त्रास असलेल्या साधारण ५ ते १७ वर्षांच्या, नाशिक शहर-जिल्ह्यातल्या मुलांच्या घरासाठी हे लिहिलं आहे. तज्ज्ञ भेटतात पंधरवड्यातून एकदा, तेही पाऊण तास. आठवड्याचे बाकीचे तास मूल आई-बाबा, आजी-आजोबा, बाई, शेजारी यांच्यात काढतं. त्या तासांत सगळी मोठी माणसं एका पद्धतीनं वागली तर उपचाराला जोर येतो. आई एक करते, बाबा दुसरं आणि आजी तिसरं, असं झालं की चांगल्यातला चांगला तज्ज्ञही हतबल होतो.

आधी चौदा दिवस वही ठेवा

मूल हट्टी आहे की आजारी, हे एका दिवसावरून ठरत नाही. तीन गोष्टी पाहायच्या. किती दिवस चाललंय, किती ठिकाणी होतंय आणि त्यामुळे काय अडतंय. सतत उतरलेलं मन किंवा चिडचिड दोन आठवड्यांच्या वर टिकली, आई-बाबांपासून लांब होण्याची धास्ती चार आठवड्यांच्या वर राहिली, किंवा झोप, जेवण, शाळा, मित्र यांपैकी दोन गोष्टी बिघडल्या, तर दाखवायला न्यायचं. मोठ्या माणसाची उदासी गप्प बसण्यात दिसते. मुलांची बऱ्याचदा चिडण्यात दिसते, म्हणून 'हल्ली फार उलट बोलतो' या तक्रारीखाली ती दडून राहते.

साधी दोनशे पानी वही घ्या आणि पाच रकाने आखा. वेळ, त्याआधी काय झालं, मुलानं काय केलं, आपण काय केलं, किती मिनिटं चाललं. नोंद अशी असावी:

मंगळवार, संध्याकाळी ७.१०. गणिताची वही काढ म्हटलं. वही फेकली, दार आपटलं, रडला. आई म्हणाली राहू दे. बाबा ओरडले. २५ मिनिटं.

नोंदीत 'उद्धटपणा केला', 'मुद्दाम केलं' असं लिहू नका. डोळ्यांनी दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच लिहा. चौदा दिवसांनी पानं उलटली की गाठ कुठे आहे ते दिसू लागतं. कुणाच्या घरी दहापैकी सात वेळा भडका शाळा सुटल्यावर काही न खाता क्लासला गेलेल्या दिवशी उडालेला असतो. कुणाकडे फक्त गणिताच्या आणि वाचनाच्या वेळी उडतो, तेव्हा अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायची. तोंडी हुशार पण वाचायला-लिहायला मागे असलेलं मूल रोज वर्गात अपमान गिळतं आणि घरी फुटतं. कुणाकडे बाबांच्या रात्रपाळीच्या आठवड्यातच मूल बिघडतं.

वहीबरोबर शरीरही तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, डोळे, कान. रक्त कमी असलेली मुलगी दिवसभर मरगळलेली असते, तिला आळशी म्हणून उपयोग नाही.

एक गोष्ट वेगळी ठेवा. हसतं-खेळतं मूल अचानक बदललं, एखाद्या माणसाकडे, क्लासला किंवा गाडीत जायला नकार देऊ लागलं, अंथरूण ओलं करू लागलं, तर कुणी त्रास देतंय का हा विचार पहिला करायचा. मुलानं काही सांगितलं तर पुन्हापुन्हा खोदून विचारू नका. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही' एवढं म्हणा आणि १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला किंवा पोलिसांना कळवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याची जबाबदारी आहे. घरची अब्रू हे गप्प बसण्याचं कारण होऊ शकत नाही.

नाशकात दाखवायचं कुठे

सगळ्यात आधी एक फोन. १४४१६, टेलि-मानस. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. मूल फोनवर येत नसेल तरी पालक स्वतःसाठी बोलू शकतात. सुरगाण्याला किंवा पेठला असाल, जवळ तज्ज्ञ नसेल, तर सुरुवात इथूनच करा.

शहरात सरकारी सोय म्हणजे त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, आपलं सिव्हिल. केसपेपर काढताना मुलाला मनोविकार विभागात दाखवायचं आहे असं स्पष्ट सांगा, नाहीतर पोटदुखी म्हटल्यावर पोटाच्या ओपीडीत बसावं लागतं. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते असतं. पथक कधी येणार ते आशाताईंना किंवा मुख्याध्यापकांना विचारून ठेवा आणि त्या दिवशी वही घेऊन स्वतः हजर राहा. पाच मिनिटांच्या तपासणीत मनाचा त्रास आपोआप दिसत नाही, तो सांगावा लागतो.

कोण काय करतं हेही माहीत असू द्या. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर असतात, निदान करतात आणि औषध देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात, थेरपी देतात. समुपदेशक बोलतं करतात, मार्ग दाखवतात. दोन दिवसांचा कोर्स करून पाटी लावणारेही असतात, म्हणून शिक्षण आणि नोंदणी विचारायला संकोच करू नका. सोबत वही, शाळेची प्रगतिपुस्तकं, जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी न्या. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक काही चालू असेल तर तेही त्या यादीत लिहा.

मुलाला खोटं सांगून नेऊ नका. 'सोमेश्वरला फिरायला जाऊ' म्हणून दवाखान्यात उतरवलं की पुढच्या वेळी ते सोमेश्वरलाही येत नाही. 'तुझं पोट रोज सकाळी दुखतं, त्याचा तुला खूप त्रास होतो. भीतीचं काय करायचं हे ज्यांना येतं त्यांना भेटू. सुई नाही, तपासणीला कपडे काढायचे नाहीत, नुसतं बोलायचं.' एवढं पुरतं.

आजीनं दृष्ट काढली, मीठ-मोहरी उतरवली, तर त्यावरून घरात भांडण नको. त्या निमित्तानं आजी जवळ बसते, डोक्यावरून हात फिरवते, ते मुलाला हवंच असतं. पण भगत-देवरुषाकडे नेऊन उपाशी ठेवणं, मारणं, धुरी देणं यातलं काहीही चालू देऊ नका. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखाली केलेली मारहाण गुन्हा ठरवली आहे, आणि त्यात उपचाराचे मोलाचे महिने जातात ते वेगळंच.

दिवसाची घडी

घाबरलेल्या मनाला पुढे काय होणार हे कळलं की निम्मा ताण उतरतो. म्हणून पहिलं काम वेळापत्रकाचं. उठणं, खाणं, अभ्यास, खेळ, झोप या पाचच गोष्टी एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. लहान मुलांसाठी चित्रं काढा. सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ एका तासापेक्षा जास्त पुढे सरकू देऊ नका. रविवारी अकराला उठलेलं मूल त्या रात्री लवकर झोपत नाही आणि सोमवार तिथेच हातचा जातो. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, १३ ते १८ च्या मुलाला ८ ते १० तास. झोपण्याआधी तासभर घरातले सगळे मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. सगळे म्हणजे बाबांचाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीची नोकरी असलेल्या घरात अडचण वेगळी असते. या आठवड्यात बाबा सकाळी असतात, पुढच्यात नसतात, तिसऱ्यात दिवसा झोपलेले असतात आणि आवाज करायचा नसतो. पाळी बदलणार ते रविवारी संध्याकाळी मुलाला कॅलेंडरवर रंगानं दाखवा. पाळी कुठलीही असो, बाबांची दहा मिनिटं ठरलेली हवीत. रात्रपाळीला निघण्याआधी, किंवा दुसऱ्या पाळीत सकाळी शाळेला सोडताना.

याशिवाय रोज १५ मिनिटं अशी द्या की ज्यात मूल म्हणेल ते खेळायचं. पत्ते, क्रिकेट, चित्रं, काहीही. त्या वेळात शिकवायचं नाही, चूक सुधारायची नाही, 'शाळेत काय झालं' विचारायचं नाही, फोन बघायचा नाही. नुसतं सोबत राहायचं आणि जे दिसतं ते बोलायचं, 'तू आता निळा रंग घेतलास.' पहिले चार दिवस दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. आठवडाभरानं मूल त्या वेळेची वाट बघू लागतं. आणि ही १५ मिनिटं शिक्षा म्हणून कधीच काढून घेऊ नका. ज्या दिवशी मूल सगळ्यात वाईट वागलं त्या दिवशी ती सगळ्यात जास्त लागतात.

घराचे नियम तीनच ठेवा. मारायचं नाही, वस्तू फेकायची नाही, न सांगता घराबाहेर जायचं नाही. बारा नियम केले की एकही पाळला जात नाही.

भडका उडतो तेव्हा

राग किंवा भीती टिपेला असताना मुलाला समजावलेलं कळत नाही. त्या वेळी विचार करणारं डोकं मागे पडलेलं असतं. म्हणून तेव्हा शब्द जितके कमी तितकं बरं.

भावंडांना दुसऱ्या खोलीत न्या. काच, कात्री, जड वस्तू हळूच बाजूला करा. मुलापासून दोन हात लांब, जमिनीवर बसा. उभ्या माणसाची भीती वाटते. आवाज नेहमीपेक्षा खाली आणा आणि एकच वाक्य म्हणा. संवाद साधारण असा होतो:

'मला नाही जायचं! तू जा इथून!'

'खूप राग आलाय तुला. मी इथेच बसलेय.'

'तू नेहमी दादाचीच बाजू घेतेस!'

'हं. वाईट वाटलं तुला.'

पुढे गप्प. खरी बाजू कुणाची होती हा विषय रात्री किंवा दुसऱ्या दिवशी. 'शांत हो', 'लोक काय म्हणतील', 'एवढ्याशा गोष्टीला रडतात का' यातलं एकही वाक्य नको. मूल रस्त्याकडे धावत असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तरच धरा, आणि धोका टळताच सोडा. आपण तेल ओतलं नाही तर भडका बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत ओसरतो. मग पाणी द्या, काही खायला द्या. फेकलेल्या वस्तू दोघांनी मिळून उचला. 'आपण उचलू' म्हणा, त्यानंतर भाषण नको.

श्वासाचा उपाय खूप घरांत फसतो, कारण तो भडक्याच्या वेळी पहिल्यांदा काढला जातो. तो शिकवायचा रात्री, अंथरुणावर, सगळं शांत असताना. मूल उताणं झोपतं, बेंबीवर स्टीलची रिकामी आमटीची वाटी ठेवायची. नाकानं श्वास घेताना मनात चार अंक, वाटी वर येते. सोडताना सहा अंक, वाटी खाली जाते. सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं, त्यानंच धडधड कमी होते. दहा श्वास झाले की बस. तीन आठवडे रोज केलं की मग मूल वर्गात बाकावर बसूनही पोटावर हात ठेवून हे करू शकतं, आणि कुणाला कळतही नाही.

दोन चुका सगळीकडे दिसतात. रडणं थांबावं म्हणून हातात मोबाइल देणं ही पहिली. महिन्याभरात मूल शिकतं की ओरडलं की मोबाइल मिळतो, आणि मग ओरडणं वाढतं. दुसरी चूक मारण्याची. मार बसल्यावर मूल गप्प होतं खरं, पण आतली भीती होती तिथेच राहते आणि तिच्यात आता घरच्यांची भीतीही मिसळते.

भीतीचा जिना

शाळेची धास्ती असलेल्या मुलाला घरी ठेवलं की त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं. तीच सुटका भीतीला खतपाणी घालते. मेंदू टिपून ठेवतो की नाही गेलो म्हणून वाचलो. उलट ओढत नेऊन गेटमध्ये ढकललं तर शाळा म्हणजे संकट हे पक्कं होतं. यातून बाहेर निघायचं तर पायऱ्यांनी. मुलाबरोबर बसून भीतीला ० ते १० गुण द्यायला शिकवा आणि ३-४ गुणांच्या गोष्टीपासून जिना मांडा. इंदिरानगरला राहणाऱ्या सहावीतल्या, महिनाभर शाळेत न गेलेल्या मुलाचा जिना असा असू शकतो:

१. सकाळी वेळेवर उठून गणवेश घालणं, दप्तर भरणं, घरीच दोन तास अभ्यास.
२. संध्याकाळी शाळा बंद असताना गेटपर्यंत चालत जाऊन दहा मिनिटं थांबणं.
३. शाळा भरलेली असताना समोरच्या फुटपाथवर उभं राहणं.
४. मधल्या सुट्टीत बाईंना ऑफिसात भेटून वही देणं.
५. वाचनालयात किंवा चित्रकलेच्या खोलीत एक तास.
६. आवडीच्या विषयाचे दोन तास वर्गात, आई ऑफिसबाहेर बसलेली.
७. तेच, पण आई घरी.
८. मधल्या सुट्टीपर्यंत.
९. पूर्ण दिवस.

प्रत्येक पायरीवर भीतीचे गुण निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. ८ वरून ४ पर्यंत. भीती चढते, टेकते आणि उतरते, हे शरीरानं अनुभवायला हवं, तोंडी सांगून पटत नाही. भीती चढत असतानाच परत फिरलात तर मूल उलटाच धडा शिकतं. तेच पाऊल दोन-तीन दिवस लागोपाठ सोपं गेलं की पुढचं. एका पायरीवर तीनदा अडलं तर पायरी उंच झाली असं समजा आणि मध्ये अर्धी पायरी घाला. बक्षीस धाडसाचं द्यायचं, भीती वाटली नाही म्हणून नव्हे. त्याच दिवशी आणि लहानसं द्या. रात्रीचं जेवण काय ते मुलानं ठरवायचं, किंवा बाबांबरोबर कॅरमचा एक डाव. पाचवी पायरी झाली की सायकल, अशी मोठी आमिषं दाखवू नका.

जिना कुठे मोडतो? एक, घरी राहिलेल्या दिवशी टीव्ही, मोबाइल, गरम गरम शिरा. शाळेच्या वेळेत घर कंटाळवाणं असायला हवं, शिक्षा नाही पण मौजही नाही. दोन, आश्वासनांची रीघ. 'आई, नक्की काही होणार नाही ना?' या प्रश्नाचं उत्तर एकदा द्या. दुसऱ्यांदा विचारलं तर 'आपण यावर बोललो, तुला काय वाटतं?' वीस वेळा 'नाही रे बाळा' म्हटलं की एकविसावा प्रश्न येतोच. तीन, सुट्ट्या. दिवाळी आणि मे महिन्यानंतर मूल दोन-तीन पायऱ्या खाली येतं. हे अपयश नसतं. शाळा उघडायच्या आठ दिवस आधी दुसऱ्या पायरीपासून उजळणी सुरू करा.

मन उतरलेलं असेल तर

उदास मुलाला 'तुला काय कमी आहे?' विचारलं की ते आणखी मिटतं. त्याला इच्छा होईल मग ते उठेल याची वाट बघू नका. आधी हालचाल, इच्छा मागून येते. दहा मिनिटांपासून सुरू करा. सकाळच्या उन्हात गच्चीवर झाडांना पाणी, गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवर एक फेरी, कोथिंबीर निवडणं. एकदम ढोलपथकात नाव घालू नका.

आणि मरणाचा विषय सरळ विचारा. 'जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करावं असं मनात येतं का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात. उत्तर 'हो' आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका. 'सांगितलंस ते फार बरं केलंस' म्हणा, त्या दिवसापासून एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी तज्ज्ञांना किंवा १४४१६ ला गाठा.

दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या द्राक्षबागांच्या घरांसाठी हे खास आग्रहानं. फवारणीची औषधं पडवीत, जिन्याखाली, कधी मोरीजवळ पडलेली असतात. तो टोकाचा विचार अनेकदा काही मिनिटांचाच असतो, आणि त्या मिनिटांत हाताला विष लागलं नाही तर पोर वाचतं. लोखंडी पेटी किंवा कपाट घ्या, कुलूप लावा, किल्ली एकाच मोठ्या माणसाच्या कमरेला. छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात तेव्हा उरलेलं औषध त्याच संध्याकाळी पेटीत जायला हवं. रिकामे डबे घरात वापरायला ठेवू नका. उंदराचं औषध, आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या याही कुलपात, पाकिटं मोजून. मुलाचं औषध आठवड्यापुरतंच बाहेर काढा आणि गोळी मोठ्यांनी हातावर द्या.

काही घेतल्याची शंका आली तर वाट बघत बसू नका. १०८ लावा, डबा किंवा पाकीट बरोबर घ्या, मीठपाणी पाजून उलटी काढू नका. पोलीस केसच्या भीतीनं कुणी थांबू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ असं धरून चालतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, तिला शिक्षा नव्हे तर उपचार द्यायचे असतात.

औषधाबद्दल थोडं. उदासी-चिंतेच्या गोळ्यांचा पुरता गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात. दहा दिवसांत 'फरकच नाही' म्हणून बंद करू नका आणि बरं वाटलं म्हणून मनानंही सोडू नका. पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थपणा वाढला, झोप उडाली किंवा मरणाचं बोलणं आलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

शाळेशी काय बोलायचं

गेटवर घाईत बोलू नका. वर्गशिक्षकांची वेळ मागून वीस मिनिटं बसा आणि लेखी एक पान द्या. निदानाचं नाव सांगायलाच हवं असं नाही. चार गोष्टी मागा. शाळेत मुलाचं एक ठरलेलं माणूस, मग त्या बाई असोत की ग्रंथपाल. एक कार्ड, जे बाकावर ठेवलं की काही न विचारता पाच मिनिटं बाहेर जाता येतं. अचानक उभं करून प्रश्न विचारायचा नाही. आणि बुडालेला अभ्यास एकदम न देता आठवड्याला एका विषयाचा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारणं आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. पण ते वाक्य पहिल्या भेटीत तोंडावर फेकू नका. साठ मुलांच्या वर्गात बाईही दमलेल्या असतात आणि बहुतेक जणी नीट सांगितलं तर मनापासून करतात.

आश्रमशाळेतल्या मुलांचं अवघड आहे, आई-बाबा लांब असतात. त्यांच्यासाठी आठवड्यातला एक ठरलेला वार आणि ठरलेली वेळ फोनची, अधीक्षकांशी बोलून पक्की करा. चुकून कधीतरी येणाऱ्या पाच फोनपेक्षा दर बुधवारी साडेसहाला येणारा एक फोन मुलाला धरून ठेवतो.

गल्ली, वाडा, सोसायटी

शेजाऱ्यांना सगळी कहाणी सांगायची गरज नाही, पण काहीच न सांगितलं की अफवा उठतात. दोन वाक्यं पुरतात. 'आमच्या ओवीला गर्दी-आवाजाची फार धास्ती आहे, उपचार चालू आहेत. ती रडली तर तुम्ही जमू नका, मला फोन करा, आणि एरवी नेहमीसारखंच बोला.' मग एकेकाला एकेक काम द्या. खालच्या काकूंकडे एक किल्ली. रिक्षाकाकांना सांगायचं की ती बोलली नाही तर चिडवू नका आणि बाकीच्या मुलांनाही चिडवू देऊ नका. किराणा दुकानदाराकडे मुलानं एकट्यानं जाऊन दही आणायचं, ही जिन्याची एक पायरीच होते. त्यांनी घाई न करता थांबायचं एवढंच.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना गणपतीच्या मीटिंगलाच भेटा, मिरवणुकीच्या दिवशी नको. स्पीकरचं तोंड खिडकीकडे नसावं, सरावाच्या वेळा आधी कळाव्यात, एवढं मागितलं तर पोरं ऐकतात. रहाडीची म्हणजे रंगाच्या हौदातली रंगपंचमी, कालिका देवीची यात्रा, सिंहस्थातली गर्दी यांतून मुलाला कायमचं वगळू नका. सकाळी लवकर जा, कानात कापूस घाला, बाहेर पडायचा रस्ता आधी दाखवा, 'हात दाबला की निघायचं' अशी खूण ठरवा आणि वीस मिनिटांत परत या. पुढच्या वर्षी तीस.

अशा चार-सहा घरांचा गट जमला तर फार आधार होतो. पंधरा दिवसांतून एकदा, दीड तास, कुणाच्या घरी नको, देवळाच्या किंवा समाजमंदिराच्या खोलीत. प्रत्येकाला दहा मिनिटं, मधे तोडायचं नाही. औषधांची नावं एकमेकांना सुचवायची नाहीत. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, व्हॉट्सअॅपवर मुलांचे फोटो-व्हिडिओ टाकायचे नाहीत. भडक्याचा व्हिडिओ तर काढूच नका. तो मुलाच्या वर्गात पोचायला एक दिवस पुरतो.

आजारी भावंडाच्या सावलीत वाढणाऱ्या दुसऱ्या मुलाकडेही बघा. ते शहाण्यासारखं वागतं, काही मागत नाही, म्हणून सुटतं. त्याला आठवड्यातून एक तास एकट्याला बाहेर न्या, मिसळ खायला म्हणा किंवा गोदाघाटावर. तेव्हा भावाचा विषय त्यानं काढला तरच काढा.

घडी बसल्यावर वही रोज लिहायची गरज नाही. महिन्यातून एक आठवडा लिहा आणि तो पहिल्या चौदा दिवसांच्या पानांशेजारी ठेवून वाचा. २५ मिनिटांच्या जागी १२ दिसले, आठवड्यातल्या पाचाच्या जागी दोन दिसले, तर पुढच्या भेटीला डॉक्टरांना तीच दोन पानं दाखवा.